स्प्रिंगबाईंचा अंगठा

स्प्रिंगबाई माणसांच्या आधी वस्तूंवर चिडत. आमची पहिली भेट झाली तेव्हा त्या माझ्याशी एक अक्षरही बोलल्या नव्हत्या. मी पुण्याहून येऊन नोएडाच्या ऑफिसात नुकताच रुजू झालो होतो. हातात मी स्वतः डिझाइन केलेला गेमचा कंट्रोलर होता, बटणं बसवून नुकताच तयार झालेला, आणि तो कुणाला दाखवू नि कुणाला नको असं मला झालं होतं. त्यांनी तो माझ्या हातातून काढून घेतला, उजव्या अंगठ्याने एकेक बटण दाबलं, शेवटच्या बटणाशी थांबल्या आणि त्या बटणालाच म्हणाल्या, "शरम नाही वाटत?" मग कंट्रोलर माझ्या हातात परत देऊन निघून गेल्या.

दुपारी मी तावातावाने त्यांच्या टेबलाशी गेलो, तर तिथे स्वयंपाकघरातला वजनकाटा मांडलेला. कडेला हळदीचा डागसुद्धा होता. त्यावर कंट्रोलर ठेवून त्या बटण हळूहळू दाबत, आणि ते 'टक्' करून बसलं की त्या क्षणी काट्यावर किती ग्रॅम दिसतात ते लिहून ठेवत. नेमक्या याच कामासाठी आमच्या लॅबमध्ये एक भारी परदेशी यंत्र होतं. ते का वापरत नाही, असं मी विचारलं. "त्याला अंगूठा नाही," त्या म्हणाल्या. माझ्या शेवटच्या बटणाची स्प्रिंग बाकीच्या तिन्हींपेक्षा जड होती. ते त्यांच्या अंगठ्याला आधी कळलं होतं आणि काट्याला नंतर. स्प्रिंगांवरून दिवसातून दोनदा तरी कुणाशी तरी खटका उडे, म्हणून ऑफिसात त्यांना स्प्रिंगबाई म्हणत. अर्थात पाठीमागे. समोर सगळे मॅडमच म्हणत, मीसुद्धा.

त्या वाढल्या आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये. वडील केंद्र सरकारात, घरात मराठी, दाराबाहेर पाऊल टाकलं की हिंदी. पन्नाशीतही त्यांच्याकडे घरगुती मराठी शाबूत होती, पण जरा आडवळणाचा शब्द आला की त्या अडायच्या. खाच, उंचवटा, पन्हळ हे शब्द त्यांना माझ्याकडून कळले. "बोल बोल पुणेकर, अजून एक दे," असं म्हणून त्या तो शब्द दोन-तीनदा घोळवून बघत. अट्टल खेळणाऱ्याला मराठीत काय म्हणशील, असं एकदा त्यांनी विचारलं. मी म्हणालो, मुरलेला. लोणचं मुरतं तसा. त्यांना ते इतकं आवडलं की त्या दिवसापासून ऑफिसातले 'प्रो' आणि 'कॅज्युअल' हे शब्द त्यांनी टाकूनच दिले. खेळणारे दोनच प्रकारचे, नवखे आणि मुरलेले. ऑफिसातल्या बिहारी नि पंजाबी लोकांनाही त्यांनी हे दोन शब्द बोलायला लावले.

आमची कंपनी घरच्या टीव्हीला जोडायचा गेम कन्सोल बनवत होती. आपल्याकडे बनलेला, आपल्या घरांसाठीचा, वगैरे. भिंतीवर तशी पोस्टरं होती. खरी मारामारी मात्र हातात धरायच्या कंट्रोलरवरून चाले. मुरलेल्याला घट्ट स्प्रिंग हवी, जरा दाबताच लागणारं बटण हवं, बोटांसाठी मागच्या बाजूला आणखी बटणं हवीत. नवख्याला एवढी बटणं पाहूनच घाम फुटतो. त्याची बोटं भलतीकडे पडतात, मागचं बटण नकळत दाबलं जातं, गाडी खड्ड्यात जाते आणि तो "हे आमच्यासाठी नाही बुवा" म्हणून कंट्रोलर मुलाच्या हातात देऊन मोकळा होतो. एकाचं भलं करायला जावं तर दुसऱ्याचं बिघडतं. जगातल्या सगळ्या कंपन्या या प्रश्नाशी झटत आल्या आहेत, आणि बहुतेकांनी तो सोडवण्याऐवजी दोन वेगवेगळ्या खोक्यांत भरून विकला आहे.

स्प्रिंगबाईंना हेच मान्य नव्हतं. आमच्याकडे येण्याआधी पंधरा-सोळा वर्षं त्यांनी गाझियाबादच्या एका कारखान्यात लिफ्टची बटणं केली होती. "लिफ्टमध्ये कोणाला मॅन्युअल देतात का यार? पहिल्यांदा शिरलेला माणूस तेच बटण दाबतो आणि लिफ्टमनपण तेच दाबतो. लिफ्टमन न बघता दाबतो, एवढाच फरक," त्या म्हणायच्या. आणि मग त्यांचं ते वाक्य यायचं, जे मी त्यांच्या तोंडून शंभरदा ऐकलं असेल: "नवखा आणि मुरलेला ही दोन माणसं नाहीत. एकच माणूस आहे, सहा महिन्यांच्या अंतराने." हे त्या शांतपणे कधीच सांगत नसत. टेबलावर हात आपटूनच सांगत.

त्यांचा पहिला नमुना मी हातात घेतला त्या दिवशी मला माझ्या पदवीची लाज वाटली. समोरची चार बटणं एकाच आकाराची, पण खालचं केसभर उंच आणि फुगीर, बाकीची तीन किंचित खोलगट. नवख्याचा अंगठा आपसूक उंच बटणावर जाऊन बसे. मुरलेला तिथूनच अंगठा न उचलता इकडेतिकडे लोळवत राही. अंगठ्याने फिरवायच्या दांडीच्या बुडाशी एक कडं होतं. ते फिरवलं की दांडी घट्ट किंवा सैल व्हायची. आणि मागे दोन बटणं, त्यांच्यावर दाराला असते तशी एक इवलीशी सरकती कडी. कडी लावलेली असेल तर ती बटणं दबतच नाहीत, असून नसल्यासारखी. ज्या दिवशी बोटांना ती हवीशी वाटतील त्या दिवशी कडी सरकवायची. यात कुठेही 'सोपं' किंवा 'अवघड' असं लिहिलेलं नव्हतं. "लिहायचं नाही," त्या डोळे वटारून म्हणाल्या, "माणसाच्या हातावर त्याची लायकी लिहायची नाही."

महिन्याचे सगळे रविवार आम्ही आर. के. पुरमच्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये घालवत होतो. कार्यक्रम संपून चहा सुरू झाला की कोपऱ्यात टीव्ही लावायचा, कंट्रोलर टेबलावर ठेवायचा आणि गप्प बसायचं. गप्प बसणं हीच त्यांची पद्धत होती. आपला हात उठून दाखवायला जाऊ नये म्हणून त्या स्वतःचे दोन्ही तळवे मांड्यांखाली दाबून बसत. मी एकदा "काकू, उलटा धरलाय" म्हणायला तोंड उघडलं, तर त्यांनी माझ्या दंडाला असा चिमटा काढला की आठवडाभर काळानिळा डाग होता. "सांगावं लागलं म्हणजे आपण चुकलो. त्या नाही चुकल्या," परत येताना मेट्रोत त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी कंट्रोलरच्या मुठी खाली जरा जाड केल्या. त्यानंतर तो कुणी उलटा धरला नाही.

उलटा धरणाऱ्या त्या नगरकर काकू. अडुसष्ट वर्षांच्या, यजमान एका मंत्रालयातून निवृत्त झालेले, मुलगा-सून परदेशी. पहिल्या रविवारी त्या निव्वळ भीड म्हणून बसल्या आणि गाड्यांच्या शर्यतीत त्यांची गाडी उलट दिशेने गेली. दुसऱ्या रविवारी त्या चहा घ्यायच्या आधीच येऊन बसल्या. चौथ्या रविवारी कंट्रोलर हातात फिरवत म्हणाल्या, "अगं, याच्या पाठीला काय आहे? माझं बोट सारखं तिथेच जातंय." स्प्रिंगबाई तळव्यांवर बसलेल्या, चेहरा दगडासारखा. काकूंनी चाचपडत कडी सरकवली, मागचं बटण दाबलं आणि वळणावर त्यांची गाडी पहिल्यांदाच न धडकता सुळकन फिरली. काकू ओरडल्या. खरंच ओरडल्या, हॉलमधल्या सगळ्यांच्या माना वळल्या. मी स्प्रिंगबाईंकडे पाहिलं, तर त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते पुसायला हात मोकळे नव्हते.

मग त्यांनी त्रिपाठीला आणायला सुरुवात केली. त्रिपाठी हा आमच्याकडचा मुरलेल्यांतला मुरलेला, स्पर्धा जिंकलेला, तिशीचा, कमालीचा घमेंडी. त्याला एकच अट होती: मुद्दाम हरायचं नाही. "मुद्दाम हरलास तर नोकरी घालवीन," असं त्याला त्यांनी साफ हिंदीत सांगितलं होतं. त्याने काकूंना रविवारमागून रविवार धुऊन काढलं. काकू प्रत्येक वेळी "पुन्हा लाव" म्हणत. आणि मग एकदा, एकदाच, शेवटच्या वळणावर काकू पुढे गेल्या. त्रिपाठीचे कान लाल झाले. "मॅडम, ये स्टिक ढीली है!" तो किंचाळला. स्प्रिंगबाईंना इतकं खुश मी कधी पाहिलं नाही. "बघितलं? बहाणा शोधतोय. खरा हरला आहे!" मी त्या दिवशीची नोंद तारखेनिशी लिहून ठेवली. सगळ्या रविवारांच्या नोंदी माझ्याकडेच होत्या. हे मी आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं ते या नोंदींमुळेच लाजिरवाणं झालं.

आमचे प्रॉडक्ट हेड कुठल्याशा मोबाइल कंपनीतून आले होते. गोड बोलायचे. त्यांना कन्सोल दोन खोक्यांत विकायचा होता. एकात 'प्रो' कंट्रोलर, सगळ्या सोयींचा. दुसऱ्यात 'फॅमिली' कंट्रोलर, लहान, गोलमटोल, चार मऊ बटणांचा, मागे काहीच नाही, दांडी हलक्या प्रतीची. "कैज़ुअल यूज़र को क्या फ़र्क पड़ता है," हे त्यांचं आवडतं वाक्य होतं. मला त्या वाक्याची तेव्हाही चीड होती आणि आज तर तळपायाची आग मस्तकात जाते. ज्याला अजून येत नाही त्याच्या हातात वाईट वस्तू द्यायची, मग त्याला आलं नाही की म्हणायचं, बघा, याला येतच नाही. हा खेळ कन्सोलपुरता नाही. शाळेपासून ऑफिसापर्यंत सगळीकडे हाच चालतो, आणि चालवणारे स्वतःला दयाळू समजतात.

त्या छोट्या कंट्रोलरची ड्रॉइंग करायला मला सांगितलं. स्प्रिंगबाईंना न कळवता. निर्णय झालेला नाही, फक्त तयारी असावी, असं म्हणून. फाइलला नाव काय द्यायचं, असं मीटिंगमध्ये कुणीतरी विचारलं, आणि मी, गंमत म्हणून, म्हणालो, लिंबूटिंबू. मराठीत लहान पोराला खेळात घेतात पण मोजत नाहीत, त्याला आम्ही लिंबूटिंबू म्हणतो, असं समजावूनही सांगितलं. सगळे खूश. हेडसाहेब तर हसून हसून पाणी प्यायले. आठवड्याभरात नोएडाच्या त्या मजल्यावर जो तो "लिंबू कहाँ है", "लिंबू का साँचा" म्हणत होता, आणि ड्रॉइंगच्या कोपऱ्यात अधिकृतपणे छापलेलं होतं: एल-टी.

तो कागद त्यांना प्रिंटरवर सापडला. त्या माझ्या टेबलाशी आल्या. "हे एल-टी म्हणजे काय?" शेजारून त्रिपाठी हसत म्हणाला, "लिंबू-टिंबू मॅडम, मराठी है, इन्होंने रखा है." मी त्यांच्या रागाची सगळी रूपं पाहिली होती असं मला वाटत होतं. हे रूप नवीन होतं. आवाज चढलाच नाही.

"बाकी मराठी मी विसरले, पुणेकर. हा शब्द नाही विसरले," त्या म्हणाल्या. "आमच्या ब्लॉकच्या मागे पकडापकडी चालायची. मला दमा होता. आई खाली येऊन सगळ्यांना बोलून गेली, हिला लिंबूटिंबू घ्या. प्रेमाने बोलली, आई होती ती. मग मला कोणी पकडलं तरी मी आउट नाही. दोन दिवस मजा आली. तिसऱ्या दिवशी मी एका मुलाला पकडलं. छाती फुटेपर्यंत पळून पकडलं. तो हसला आणि पळत राहिला. कळलं तुला? मी पकडलं तरी कोणी आउट नाही. ज्याची हार मोजत नाहीत ना, त्याची जीतपण मोजत नाहीत."

"गंमत होती मॅडम," मी म्हणालो. यापेक्षा दरिद्री वाक्य मी आयुष्यात उच्चारलेलं नाही.

"गंमतच असते. रडवून कोणी कोणाला बाहेर नाही काढत. हसूनच काढतात." त्यांनी कागदाची व्यवस्थित चौघडी केली आणि तो माझ्या कीबोर्डवर ठेवला. मग दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी पोह्यांचा डबा पुढे सरकवला. त्यांच्या पोह्यांवर खोबऱ्याऐवजी भुजिया असायची, आणि त्यावरून मी नेहमी टोमणे मारत असे. त्या दिवशी मुकाट्याने खाल्ले. त्यांनी मला माफ केलं होतं. त्या चिडत भसकन, पण डूख धरत नसत. निदान तोवर तरी धरला नव्हता.

साचे बनवायला टाकण्याआधी शेवटचा आढावा होता. एकदा साचे पडले की मागे फिरता येत नाही, त्यामुळे एक कंट्रोलर की दोन, हे त्याच दिवशी ठरणार होतं. स्प्रिंगबाई इस्त्रीची साडी नेसून आल्या होत्या, मी त्यांना एरवी नेहमी सलवार-कमीजमध्येच पाहिलेलं. त्यांनी फार भाषण केलं नाही. नमुना सगळ्यांच्या हातांतून फिरवला, आपलं ते सहा महिन्यांच्या अंतराचं वाक्य हिंदीत सांगितलं, आणि म्हणाल्या, मंडळात आम्ही बारा घरांतली माणसं बसवली, काय झालं ते हा सांगेल, नोंदी याच्याकडे आहेत.

हेडसाहेब माझ्याकडे वळले. गोड हसले. "हाँ, आप बताइए. फ़ैमिली यूज़र को पीछे के बटन की सच में ज़रूरत है? ऑनेस्टली?"

माझ्यासमोर लॅपटॉप उघडा होता. त्यात काकूंचा चौथा रविवार होता. बारांतल्या नऊ घरांनी कुणीही न सांगता कडी उघडल्याची नोंद होती. मला फक्त "हो" म्हणायचं होतं. एक अक्षर. पण पुढच्या महिन्यात माझं अप्रेझल होतं, साहेबांची नजर माझ्यावर होती, आणि आदल्याच दिवशी त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून, नवी टीम बनते आहे, असं सांगितलं होतं. मी घसा खाकरला आणि म्हणालो, "देखिए सर, दोनों तरफ़ पॉइंट तो है. बैलेंस करना पड़ेगा."

बोटचेपेपणा हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. त्याचा अर्थ मला त्या क्षणी कळला, इतकी वर्षं बटणं दाबून आणि मोजून झाल्यावर.

खोलीतले सगळे माना डोलावू लागले. बॅलन्स! किती समंजस शब्द. त्याच्या आडून पुढच्या दहा मिनिटांत दोन कंट्रोलर मंजूर झाले. स्प्रिंगबाईंनी नमुना पर्समध्ये घातला. माझ्या खुर्चीमागून जाताना थांबल्या आणि फक्त मला ऐकू येईल असं मराठीत म्हणाल्या, "वा. बॅलन्स साधलास."

आठवड्याभरात त्यांनी राजीनामा दिला. निरोपाचा केक नाही, भाषण नाही. "पर्सनल इंटरेस्ट के लिए" त्या जात आहेत, अशी एक मेल साहेबांनी सगळ्यांना धाडली. ती वाचून मला कुणाचा तरी गळा धरावासा वाटला, आणि धरायला जवळ फक्त माझाच होता. नवी टीम मला मिळाली. कन्सोल बाजारात आला. 'फॅमिली' कंट्रोलरच्या मऊ स्प्रिंगा चार महिन्यांत बसल्या, दांड्या आपोआप डावीकडे सरकायला लागल्या, लोकांना कंटाळा आला आणि खोकी कपाटांवर गेली. मग मीटिंगमध्ये साहेब म्हणाले, कैज़ुअल कस्टमर सीरियस ही नहीं होता. स्वतः मोडकं भांडं द्यायचं आणि खापर घेणाऱ्याच्या डोक्यावर फोडायचं. मी तेव्हाही मूग गिळून बसलो. एकदा सवय लागली की जड जात नाही.

सहा-सात महिन्यांनी मी त्यांच्या गाझियाबादच्या घरी माफी मागायला गेलो. त्या पुन्हा लिफ्टच्या कारखान्यात जात होत्या. त्यांनी चहा केला. मी पाठ करून आणलेलं सगळं बोललो: नवीन शहर, नोकरीची भीती, घरचे हप्ते, सगळं. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही.

"तू घाबरलास, ते मला बिल्कुल समजतं," त्या म्हणाल्या. "मीपण घाबरते. साहेबासमोर कोण नाही घाबरत? घाबरून तू चूप बसला असतास तर मी काहीच बोलले नसते. तू चूप नाही बसलास. तू घाबरलास आणि त्याला शहाणपणाचं नाव दिलंस." कप उचलून आत गेल्या आणि आतूनच म्हणाल्या, "दार ओढून घे."

त्या डूख धरत नसत, असं मी वर लिहिलं. माझ्या बाबतीत धरला. मला त्याचाही राग आला होता, खोटं कशाला सांगू. इतक्या वर्षांत मीच एक त्यांना मराठी शब्द पुरवणारा होतो, माझ्यासाठी एवढंही होऊ नये? घरी पोचेपर्यंत मी त्यांच्यावर धुमसत होतो. मग लक्षात आलं, स्वतःवर चिडण्यापेक्षा ते सोपं आहे, म्हणून.

गेल्या महिन्यात साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. कन्सोलची दुसरी आवृत्ती निघते आहे. पडद्यावर स्लाइड होती: एकच कंट्रोलर, मागची बटणं, सरकती कडी, बुडाशी फिरणारं कडं. खाली कल्पना म्हणून माझं नाव. "आपका ही तो आइडिया था," साहेब म्हणाले. त्या दिवशी मात्र माझा आवाज फुटला. आयडिया माझी नाही, कुणाची आहे ते तुम्हाला पक्कं माहीत आहे, आणि त्या मॅडमना तुम्ही आणि मी मिळून हाकललं, असं मी त्यांच्या टेबलावर दोन्ही हात टेकून, काचेबाहेरच्यांना ऐकू जाईल एवढ्याने सांगितलं. साहेबांनी गडबडीने नाव पुसलं. माझं पुसलं, स्प्रिंगबाईंचं घातलं नाही. ते मात्र मी स्वतः टाइप केलं, त्यांच्याच लॅपटॉपवर, उभ्या उभ्या.

बाहेर आलो आणि स्प्रिंगबाईंना फोन लावला. एवढ्या काळाने उचलतील की नाही, धाकधूक होती. उचलला. मी धापा टाकत सगळं सांगितलं. माझ्या शौर्याबद्दल त्या काहीतरी बोलतील, अशी आशा होती, आणि ती किती केविलवाणी होती ते मला पुढच्याच क्षणी समजलं.

"मागची बटणं सगळ्यांना मिळणार? नक्की?" त्यांनी विचारलं.

"सगळ्यांना. एकच खोकं."

"अच्छा." मग म्हणाल्या, "नगरकर काकूंना पार्किन्सन झालाय. चमचा नाही धरवत आता. मी जाते अधूनमधून. परवा विचारत होत्या, ती मागं बटणं असलेली वस्तू कुठे मिळते, दुकानात मिळाली ती तशी नव्हती."

मी चालता चालता लिफ्टपाशी थांबलो.

"ती आता येतेय हे त्यांना तू जाऊन सांग," त्या म्हणाल्या. "मी नाही सांगणार." आणि फोन ठेवला.

त्याला आता तीन रविवार झाले. नोएडाहून आर. के. पुरम काही लांब नाही, मेट्रोने सरळ जाता येतं. दर रविवारी सकाळी मी तयार होतो, आणि दर रविवारी काहीतरी निघतं. आज म्हटलं, आधी हे स्प्रिंगबाईंबद्दलचं लिहून काढू, मग जाऊ. लिहून झालं.